प्रयोगाआधी प्रश्न नीट कसा मांडावा

‘लंबक कसा चालतो?’ या कुतूहलात काही वावगं नाही, पण यावर थेट प्रयोग करता येत नाही. काय बदलायचं आणि काय मोजायचं, हे त्यात कुठेच नाही.

म्हणून आधी प्रश्न आवळा. लंबकावर कशाकशाचा परिणाम होत असेल ते लिहून काढा: दोऱ्याची लांबी, गोळ्याचं वस्तुमान, गोळा किती बाजूला ओढून सोडला. त्यातलं एकच निवडा. ‘लांबी वाढवली तर एका दोलनाला, म्हणजे गोळा एकदा जाऊन परत यायला, लागणारा वेळ बदलतो का?’ आता यावर प्रयोग होऊ शकतो. प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टीला चल म्हणतात. लांबी तुम्ही बदलता, ते स्वतंत्र चल. वेळ मोजता, ते अवलंबी चल. बाकीची नियंत्रित चलं. ती जशीच्या तशी ठेवायची. ‘कोणता लंबक छान झुलतो?’ हा प्रश्न मात्र बाद, कारण ‘छान’ कशाने मोजणार?

मग अंदाज लिहा, आणि तो खोटा ठरू शकेल असा लिहा. उदाहरणार्थ, ‘लांबी चौपट केली की वेळही चौपट.’ दहा दोलनांचा वेळ घेऊन 10 ने भागा, म्हणजे घड्याळ दाबण्यातली चूक विभागली जाते. 25 सेंटिमीटरला साधारण 1 सेकंद येतो, 1 मीटरला साधारण 2. वेळ दुपटीवरच थांबला, अंदाज चुकला. उत्तर मात्र मिळालं.

खरी मेख नियंत्रित चलांत असते. वस्तुमान तपासायला मोठा, जड गोळा लावलात तर त्याचा मध्य खाली जातो. लंबकाची लांबी त्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणजे नकळत लांबीही बदलली!

इटलीतले वैद्य फ्रान्सिस्को रेडी यांनी 1668 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग इथे पाहण्यासारखे आहेत. मांसात अळ्या आपोआप होतात, असा तेव्हा समज होता. रेडींनी काही बरण्या उघड्या ठेवल्या, काही घट्ट बंद केल्या. अळ्या फक्त उघड्या बरण्यांत झाल्या. पण झाकणाने माश्यांबरोबर हवाही अडवली होती. आक्षेप घ्यायला जागा होती. मग त्यांनी तोंडाला जाळीदार कापड बांधलं. हवा आत जात होती, माश्या बाहेरच राहिल्या, आणि मांसात अळ्या झाल्या नाहीत.

तुमच्या आराखड्यातल्या दोन मांडण्याही अशाच शेजारी ठेवून त्यांच्यातले फरक मोजा. एकाहून जास्त निघाले, तर साहित्याला हात लावण्याआधी मांडणी बदला.