बादलीतला पालक आणि चार बोटं हवा

गेल्या वर्षी दसरा झाला आणि ठाण्यातल्या आमच्या गॅलरीत मी पालक लावला, तोही मातीशिवाय. पंप नाही, पाइप नाही, विजेचं बिल नाही. अमेरिकेतल्या हवाई बेटांवरच्या विद्यापीठातले बर्नार्ड क्रॅटकी यांच्या नावाने ही रीत ओळखली जाते. सासूबाई तिला 'बादलीतली भाजी' म्हणतात.

१० लिटरची झाकणाची बादली घ्या. उजेड आत गेला की शेवाळ धरतं, म्हणून बाहेरून काळं प्लास्टिक गुंडाळा. त्यावर जुनी पांढरी चादर, नाहीतर उन्हाने पाणी तापतं. झाकणाला कप अडकतील एवढी तीन भोकं. मी चहाचे प्लास्टिकचे कप वापरले आणि तापवलेल्या दाभणाने त्यांना खालून-बाजूने भोकं पाडली. (वास येतो, गॅलरीतच करा.)

पालकाचं बी रात्रभर भिजवून कपातल्या ओल्या कोकोपीटमध्ये (नारळाच्या काथ्याचा भुसा) टाका. खरी दोन पानं फुटून मुळं कपाबाहेर डोकावली की कप बादलीत. सुरुवातीला कपाचा तळ बोटभर पाण्यात बुडायला हवा.

खताचं मात्र डोकं लावून घ्या. घरात १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखंच असलेलं खत) होतं, तेच घालणार होते. पण त्यातला बराचसा नत्र युरियाच्या रूपात असतो. मातीतले जिवाणू तो फोडून देतात, बादलीत ते नीट होत नाही. शिवाय त्यात कॅल्शियम नसतं. म्हणून हायड्रोपोनिक्सचं 'अ' आणि 'ब' असं दोन बाटल्यांतलं खत आणा. आधी बादलीभर पाणी, त्यात 'अ' घालून ढवळा, मग 'ब'. दोन्ही घट्टच एकत्र ओतलीत तर पांढरा साका बसतो आणि तो मुळांच्या उपयोगाचा नाही. पाण्यात किती खत विरघळलंय ते दाखवणाऱ्या टीडीएस मीटरवर पालकाला ७०० ते ८०० पीपीएम पुरे. रोप लहान असताना निम्मं. सामू (पीएच) ५.५ ते ६.५.

आता माझी फजिती. तीन आठवड्यांत पाणी निम्म्यावर आलं. आपल्याला रिकामं भांडं बघवत नाही ना! मी काठोकाठ भरलं. दोन दिवसांत पालकाने माना टाकल्या, तेही भर पाण्यात. झाकण उचललं तर मुळं तपकिरी, बुळबुळीत, आणि गटारासारखा वास.

झालं होतं असं, की पाणी उतरतं तशी वरची मुळं उघडी पडतात, त्यांना बारीक पांढरी लव फुटते आणि ती हवेतला प्राणवायू घेतात. मी नेमकी तीच बुडवली. तेव्हा पाणी उतरू द्या. तळाशी चार बोटं उरलं तरच अर्ध्या ताकदीचं खतपाणी घाला, आणि तेही पाव बादलीच्या वर नको. लव पाण्याबाहेरच राहिली पाहिजे.

कपाभोवतीच्या फटी टेपने बंद करा, डासांना साचलेलं पाणी आवडतं.

महिना-सव्वा महिन्यात बाहेरची पानं खुडायला येतात. मधला कोंब ठेवा, पुन्हा फुटतो. मार्चनंतर ऊन चढलं की पालक तुरे काढतो, मग उपटून टाका. उरलेलं पाणी मी दुप्पट साधं पाणी घालून कढीपत्त्याला देते.