ब्रेकची हवा काढायचं सामान: काय घ्यायचं, काय नाय

आयटीआयच्या मोटर मेकॅनिक ट्रेडची पोरं आणि घरीच स्वतःच्या गाडीचं काम करायची हौस असलेले दादा लोक, दोघंही मला एकच विचारतात, भाऊ ब्रेकची हवा काढायला किट (पंप, वाल्वची बाटली असलं तयार सामान) कोणतं घेऊ. हवा का काढतात, निपल (ब्रेकवरचा, हवा-ऑइल बाहेर सोडायचा छोटा स्क्रू) कुठं असतो हे तुम्हाला माहीत आहे असं धरूनच लिहितो. माझं मत सरळ आहे, सुरुवातीला किट घेऊच नका. तेच पैसे चांगल्या पान्यांत आणि दोन मजबूत जॅक स्टँडमध्ये घाला. नुसत्या जॅकवर किंवा विटा रचून गाडीखाली हात घालायचा असेल तर पुढचं वाचूच नका.

निपल बहुतेक गाड्यांना ८, १० नायतर ११ नंबरचा असतो, पण आपल्याकडच्या जुन्या गाड्यांत त्याला वर्षानुवर्षं कोणी हातच लावलेला नसतो, गंजून बसलेला असतो. त्याला फिक्स पाना लावून जोर केला की कोपरे गोल, आणि मोडला तर कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) उतरवून लेथवाल्याच्या दारात उभं राहायचं. दुकानातला रिंग पानाही बहुतेक वेळा बारा कोनीच मिळतो, तोही गंजक्या निपलवर सटकतो. म्हणून आदल्या रात्री गंज सोडवायचा स्प्रे मारा (डिस्क आणि पॅडवर उडू देऊ नका, फडकं धरा), सकाळी सहा कोनी गोटीनं (सॉकेटनं) निपल जरासा सैल करा, परत हलका टाईट करा, मग रिंग पाना चढवा आणि शेवटी नळी. नवी पोरं आधी नळी बसवतात आणि मग पाना कुठून घालू म्हणून बघत बसतात.

नळी पारदर्शकच पाहिजे. सलाईनची नळी फुकटात मिळते म्हणून बरेच जण तीच वापरतात, पण ती पातळ असते आणि ऐन वेळी निपलवरून सुटते. फिश टँकच्या दुकानातली सिलिकॉनची नळी घ्या, ताणून गच्च बसते. बाटली पाण्याची चालेल, कोरडी करून. इंजिन ऑइलची किंवा डिझेलची बाटली धुऊनसुद्धा नको, त्यातलं थोडं जरी ब्रेक ऑइलमध्ये गेलं तरी रबरी सील फुगतात आणि मग काम मास्टर सिलेंडरपर्यंत (पेडल दाबलं की ऑइल ढकलणाऱ्या मुख्य सिलेंडरपर्यंत) जातं.

ऑइलचं म्हणाल तर ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावर डॉट ३ की डॉट ४ (ऑइलचा दर्जा) ते लिहिलेलं असतं, तेच घ्या. "डॉट-बिट काय नसतं, सगळं एकच" म्हणणारे वस्ताद आपल्याकडे गल्लोगल्ली आहेत. हाताला त्यांच्या तोड नाय, ते मान्य, शिकायचं त्यांच्याच हाताखाली, पण या एका बाबतीत ऐकू नका. नवं डॉट ३ किमान २०५ अंशाला उकळतं, ओल धरलेलं १४० ला. डॉट ४ चे तेच आकडे २३० आणि १५५. मे महिन्यात माणसं भरून कन्नड घाट उतरताना किंवा सेंधव्याकडून बिजासन घाट उतरताना हा फरक पायाला कळतो, ऑइल उकळून वाफ झाली की पेडल थेट खाली. आणि डॉट ५ सिलिकॉनचं असतं, ते डॉट ३-४ मध्ये चालत नाय. डॉट ५.१ हे डॉट ५ पेक्षा वेगळं. फोडून महिनोन्‌महिने ठेवलेला डबा वापरू नका, पावसाळ्यात तर नायच, ते हवेतली ओल ओढतं. छोटे डबे घ्या.

आता खरं सांगायचं ते. हातानं ओढायचा व्हॅक्यूम पंप. एकट्यानं काम होतं म्हणून सगळ्यांना तोच पाहिजे असतो, मीही त्याच्याच नादी लागलो होतो, आणि नळीत बुडबुडे थांबेचनात. ओढतोय, ओढतोय, बुडबुडे चालूच. माणसाला वाटतं लाईनमध्ये केवढी हवा आहे. तसं नसतं. निपल सैल केला की त्याच्या आट्यांमधून बाहेरची हवा आत शिरते आणि सरळ नळीत येते, चीर गेलेल्या स्ट्रॉनं उसाचा रस ओढल्यासारखं. लाईन कधीच साफ झालेली असते, पण डोळ्याला बुडबुडे दिसतात म्हणून तुम्ही ओढतच राहता, आणि तिकडं वरची टाकी रिकामी होऊन मग खरी हवा आत जाते. मग पहिल्यापासून. पंप घेतलाच असेल तर निपल पाव आट्याच्या वर सोडू नका, वरच्या आट्यांना टेफ्लॉन टेप गुंडाळा (टोकाला आणि भोकावर नको), बारीक एकसारख्या बुडबुड्यांकडं लक्ष देऊ नका, आणि दर थोड्या वेळानं टाकी बघा. हवा गेली की नाय ते पेडल सांगतं, नळी नाय. एकट्यानं काम व्हावं म्हणून वाल्व लावलेली बाटली मिळते, तिचंही तसंच, पेडल सोडलं की आट्यांतून हवा उलटी आत ओढली जाऊ शकते.

म्हणून घरातला एक माणूस पेडलवर बसवा. आमच्याकडं आप्पा बसायचे, "इतलं कसाले करी ऱ्हायना रे भो" (एवढं कशाला करतोयस रे भाऊ) म्हणत म्हणत. दाब, धरून ठेव, मी निपल उघडतो, बंद करतो, मगच सोड. बंद म्हटल्याशिवाय पाय उचलायचा नाय, बस एवढंच त्या माणसाला पढवा. गाडी जुनी असेल तर पेडलखाली लाकडाचा ठोकळा ठेवा, कारण पेडल तळापर्यंत गेलं की मास्टर सिलेंडरमधला सील कधी न घासलेल्या, खडबडीत जागेवर जाऊन फाटतो. सुरुवात सहसा सगळ्यात लांबच्या चाकापासून, म्हणजे आपल्याकडं मागचं डावं, पण बऱ्याच गाड्यांचा क्रम वेगळा असतो, मॅन्युअल बघा. एबीएसच्या (चाक लॉक होऊ न देणाऱ्या सिस्टिमच्या) युनिटमध्ये हवा गेली असेल तर हातानं नादच करू नका, त्याला स्कॅनर लागतो.

पेडल स्पंजासारखं दबतंय तर हवा आहे. पण खाली जातंय आणि दुसऱ्यांदा मारलं की वर कडक होतंय, तर मागच्या ड्रमचे शू (ड्रमला आतून घासणाऱ्या पट्ट्या) आधी ॲडजस्ट करा, हवा काढून काही उपयोग नाय. आणि इंजिन चालू केल्यावर पेडल जरासं खाली सरकतं ते बूस्टरचं (पायाचा जोर वाढवणाऱ्या भागाचं) काम आहे, घाबरू नका, पहिल्यांदा सगळेच घाबरतात.

पेंटवर ऑइल सांडलं तर लगेच पाणी ओता, पुसत बसू नका, रंग उतरतो. मग मोकळ्या मैदानात हळू चालवून ब्रेक मारून बघा, रस्त्यावर नंतर. दुसऱ्या दिवशी सकाळी चारही निपल बोटानं चाचपा, ओला लागला तर टाईट करून परत टाकीची लेव्हल बघा.