पाय जायबंदी आणि वजन परत चढायला लागलं तेव्हा
गुडघ्याचं लिगामेंट फाटलं, चालणं बंद, आणि वजन कमी करण्यासाठी केलेल्या पोटाच्या (गॅस्ट्रिक) बायपास सर्जरीनंतर उतरलेलं वजन परत चढायला लागलं. मला वाटलं सर्जरीत लहान केलेली पोटाची पिशवी ताणली गेली, पण डाएटिशियनने खाण्याची नोंद ठेवायला लावली आणि कारण तिथेच सापडलं, जेवण तेवढंच पण पडल्यापडल्या दिवसभर चरणं चालू, त्यात मऊ-गोड खाणं पोटात अडत नाही, सरळ खाली उतरतं. मग ताटात आधी प्रोटीन, रोज ६० ते ८० ग्रॅम, पाणी जेवणानंतर अर्ध्या तासाने. फिजिओने खुर्चीत बसून रबर बँडचे व्यायाम दिले, चांगला घाम निघतो हो! दुखतंय म्हणून आयबुप्रोफेन मात्र मनाने घेऊ नका, बायपासवाल्यांना अल्सरचा धोका असतो, सर्जनला विचारा, मला पॅरासिटामॉल दिली. वजन आधी थांबलं, आता हळूहळू उतरतंय, गुडघा अजून कुरकुरतोच.