कामावर लागलं? आधी केस पेपर वाचा
प्रेस मशीनमध्ये बोट गेलं की सुपरवायझर दवाखान्यात नेतो खरा, पण केस पेपरवर ‘घरी लागलं’ असं सांगायला लावणारेही कमी नाहीत. तिथंच अडून बसा. ‘कामावर, मशीनवर’ हे शब्द पेपरवर हवेतच. पुढचा दावा त्यावरच उभा राहतो. ठेकेदाराचे कामगार असलात तरी मूळ कंपनीकडे भरपाई मागता येते, 1923 च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यापासून ही सोय आहे. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा योजना) लागू असेल तर मात्र दावा तिकडेच. नसेल तर नुकसानभरपाईचे दावे ऐकणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, अपघातापासून 2 वर्षांच्या आत. हातावर थोडे पैसे टेकवून ‘आता काही मागणार नाही’ असं स्टॅम्प पेपरवर लिहून घेतलंय? घाबरू नका, हक्क सोडल्याचा असा करार कायद्यापुढे टिकत नाही.