विजयदुर्गापासून न्यूकॅसलच्या ड्यूकपर्यंत : राजकीय वशिल्याचा माग कसा काढावा

विजयदुर्ग पाहून आल्यावर अठराव्या शतकातील इंग्लंडचे राजकारण समजून घ्यावेसे वाटले, तर लढायांच्या आधी नेमणुका तपासाव्यात. त्यासाठी थॉमस पेल्हॅम-होल्स, म्हणजे न्यूकॅसलचा ड्यूक, हा मुत्सद्दी फार सोयीचा आहे, कारण १७२४ पासून १७६२ पर्यंत, मधला अल्पकाळ वगळता, तो मंत्रिपदावर होता आणि त्याचा प्रचंड पत्रव्यवहार ब्रिटिश लायब्ररीत जपलेला आहे.

प्रथम त्याच्या हाती देण्यासारखे काय होते ते मांडावे : जकात खात्यातील नोकऱ्या, चर्चमधील मोठी पदे, गुप्त निधीतील पैसा. त्यानंतर त्याच्या जमिनी कोठे होत्या ते पाहावे. ससेक्स आणि नॉटिंगहॅमशर येथील काही मतदारसंघांत त्याचा शब्द चाले, कारण मतदार मोजके असत आणि मतदान उघड होई; इंग्लंडमध्ये गुप्त मतदान १८७२ मध्ये आले. खोत आणि कूळ यांचे संबंध घरच्या जुन्या कागदांतून ज्यांनी वाचले आहेत, त्यांना हा दाब चटकन उमगेल, मात्र ही तुलना फार ताणू नये. मतदारांना ड्यूकची मर्जीही राखावी लागे आणि ड्यूकला त्यांची.

यानंतर एकच प्रकरण निवडून ते तारखांनिशी लावावे. कोकणातील वाचकासाठी ईस्ट इंडिया कंपनीचा सेनानी रॉबर्ट क्लाइव्ह याचे प्रकरण उत्तम. १७५४ मध्ये सँडविचचा अर्ल या उमरावाच्या पाठिंब्यावर तो कॉर्नवॉलमधील मिचेल येथून संसदेवर निवडून आला. परंतु निवडणुकीविरुद्ध तक्रार दाखल झाली, न्यूकॅसलचा गट विरोधात उभा राहिला आणि मार्च १७५५ मध्ये संसदेने त्याची निवड रद्द केली. काही आठवड्यांत तो हिंदुस्थानकडे निघाला. दख्खनमध्ये फ्रेंचांविरुद्ध योजलेली मोहीम बारगळल्यामुळे मुंबईत आलेले त्याचे सैन्य मोकळे होते, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये ॲडमिरल वॉटसनच्या आरमारासोबत ते तुळाजी आंग्र्यांच्या विजयदुर्गावर आले. न्यूकॅसलमुळे विजयदुर्ग पडला, असा निष्कर्ष मात्र काढू नये. पेशव्यांचे आंग्र्यांशी असलेले वैर त्याहून कितीतरी जवळचे कारण होते.

कागद शोधताना विजयदुर्गासाठी ‘घेरिया’ आणि सुवर्णदुर्गासाठी ‘सेव्हर्नड्रूग’ ही नावे वापरावीत. १७५२ पूर्वीच्या इंग्रजी तारखा युरोपातील बहुतेक इतर देशांच्या तारखांपेक्षा, अठराव्या शतकात, अकरा दिवस मागे असतात आणि कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होते. जानेवारी-फेब्रुवारीतील पत्रांचे वर्ष म्हणूनच दोनदा तपासावे.

वशिल्याची सर्वांत भरवशाची कसोटी म्हणजे आश्रयदाता पडल्यावर कोण पडले हे पाहणे. शिफारसपत्रात प्रत्येकजण निष्ठावंतच असतो. न्यूकॅसलने १७६२ मध्ये पद सोडल्यानंतर नवा प्रधानमंत्री लॉर्ड ब्यूट आणि त्याचा सहकारी हेन्री फॉक्स यांनी त्याच्या माणसांना वेचून काढले, आणि त्यात बड्या लोकांबरोबर जकातीवरील सामान्य नोकरही गेले. त्या बडतर्फ्या त्याच्या जाळ्याचा नकाशाच देतात. स्वतः ड्यूकने मात्र पेन्शन नाकारले, आणि राजकारणात त्याची घरची दौलत वाढण्याऐवजी झिजली होती. म्हणून या साऱ्या व्यवहाराला सरसकट लाचखोरी म्हणणे मला पटत नाही.

शेवटी विल्यम जेम्सची नोंद वाचावी. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग घेणारा हा कंपनीचा कमोडोर, म्हणजे आरमारी अधिकारी, १७७४ मध्ये बुलर घराण्याच्या वर्चस्वाखालील वेस्ट लू येथून खासदार झाला. तोवर न्यूकॅसलला मरून जवळपास सहा वर्षे लोटली होती; वशिल्याची पद्धत मात्र त्याच्यासोबत संपली नव्हती.