‘भावाला वाचवताना घडलं’ : खुनाच्या खटल्यात बचाव घेताना या चुका टाळा

शेताचा बांध, विहिरीवरची मोटार, वाटणीत अडकलेलं घर आणि मग एक दिवस लाठ्याकाठ्या. इंदूरच्या जिल्हा न्यायालयात अशा खटल्यांना तोटा नाही. आईला, भावाला वाचवताना समोरचा मेला हा बचाव पुष्कळदा खरा असतो, तरीही बुडतो. आरोपीपेक्षा वकिलामुळे जास्त वेळा बुडतो, असं माझं स्पष्ट मत आहे.

माझ्या डोक्यात जाणारी पहिली चूक म्हणजे दोन दगडांवर पाय. ‘आरोपी तिथे नव्हताच, आणि असलाच तर भावाला वाचवत होता.’ एक अपिलाची फाइल माझ्याकडे आली होती. मृताने थोरल्या भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घातली, तो खाली पडला, मृताने पुन्हा हात उचलला आणि धाकट्याने फावडं हाणलं. थोरल्याच्या डोक्याला टाके पडले होते, मुलाहिज्याचा (जखमांच्या सरकारी वैद्यकीय तपासणीचा) कागद होता, म्हणजे बचाव आयता ताटात वाढलेला. पण खालच्या कोर्टातल्या वकील महाशयांनी उलटतपासणीत एकेका प्रत्यक्षदर्शीला सूचना काय केली, म्हणजे आपली बाजू म्हणून काय सुचवलं? ‘त्या वेळी आरोपी मंडीत कांदा विकत होता.’ थोरल्याला टाके घालणाऱ्या डॉक्टरांना एकही प्रश्न नाही. पुढे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 313 खाली न्यायाधीश आरोपीला विचारतात, त्या जबाबात आरोपीने खरं ते सांगून टाकलं. सरकारी वकिलाने दोन्ही कागद शेजारी ठेवले आणि ‘हे मागाहून सुचलेलं आहे’ एवढंच म्हटलं. जन्मठेप झाली. अपिलात ते सदोष मनुष्यवधावर आणता आलं, पण तोवर पोराची उमेदीची वर्षं आत गेली होती.

खरं तर इथे कायदा आरोपीच्या बाजूने उदार आहे. बचाव सिद्ध करण्याचा भार आरोपीवर असला, तरी तो सरकार पक्षाइतका जड नसतो. असं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे, एवढं दिसलं तरी पुरे. मुन्शी राम खटल्यात 1967 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोपीने हा बचाव घेतलाच नसला, तरी पुराव्यातून दिसत असेल तर कोर्टाने तो विचारात घ्यावा. पण म्हणून गप्प बसायचं नसतं. पहिल्या प्रत्यक्षदर्शीच्या उलटतपासणीतच बचावाची सूचना गेली पाहिजे. माझी सवय अशी, की तुरुंगातली पहिली भेट आरोपीशी एकट्याशी. काका, मामा, गावचे पुढारी सगळे बाहेर. ‘मंडीत होतो’ हे बहुधा त्यांनीच पढवलेलं असतं.

दुसरी लाडकी चूक घड्याळाची. भारतीय न्याय संहितेच्या कलम 40 प्रमाणे (जुन्या दंड संहितेचं 102) स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराच्या बचावाचा हा हक्क धोक्याची वाजवी भीती वाटते तेव्हा सुरू होतो आणि भीती असेपर्यंतच टिकतो. मारणारा पळत सुटला, काठी टाकून बसला, लोकांनी त्याला धरलं, की हक्क संपला. पाठलाग करून घातलेला घाव हा सूड असतो. दर्शन सिंग खटला (2010) सगळे उद्धृत करतात, वाचतात थोडे. तिथे बापावर गंडाशाचा (लांब दांड्याच्या कोयत्यासारख्या हत्याराचा) वार झाला आणि मुलाने गोळी झाडली. खालच्या कोर्टाने सोडलं, उच्च न्यायालयाने शिक्षा दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडलं. नवशिके त्यातली दहा तत्त्वं जशीच्या तशी अर्जात डकवतात आणि आपल्या प्रकरणात तिसरा घाव पाठीवर आहे, हे शवविच्छेदन अहवालात बघायचं विसरतात. मी फाइलच्या पुठ्ठ्यावर आडवी रेघ ओढतो आणि एकेक घाव तिच्यावर मांडतो. भीती कुठे संपली तिथे लाल खूण. लाल खुणेनंतर घाव असेल तर पूर्ण सुटकेचा हट्ट सोडून खुनाच्या कलम 101 चा दुसरा अपवाद बघावा : सद्भावनेने, सूडबुद्धीशिवाय हक्काची मर्यादा ओलांडली, तर तो खून ठरत नाही, सदोष मनुष्यवध म्हणून कलम 105 खाली येतो. पक्षकाराला हे पहिल्याच दिवशी सांगावं. त्याला ते आवडत नाही.

बाकीच्या चुका थोडक्यात.

‘आई होती हो साहेब!’ असो. कलम 35 मध्ये ‘दुसरी कोणतीही व्यक्ती’ आहे. रस्त्यावरच्या अनोळख्यासाठीही तेवढाच हक्क, आईसाठी इंचभरही जास्त नाही.

बायकोला शिवी दिली, बहिणीची बदनामी केली, यासाठी जीव घेण्याचा हक्क मिळत नाही. मृत्यू, जबर दुखापत, बलात्कार, अपहरण, ॲसिड अशी कलम 38 ची यादी आहे. तिच्यात काय बसतं ते आधी ठरवा.

ज्या नातेवाइकाला वाचवलं त्यानेच आधी कुऱ्हाड उचलली होती का? मग समोरचा स्वतःला वाचवत होता आणि तुमचा बचाव गेला. हे पक्षकार कधीच आपणहून सांगत नाही. खोदून विचारा.

वाचवलेल्या माणसाला त्याच दिवशी सरकारी रुग्णालयात नेऊन मुलाहिजा करून घ्या. आठ दिवसांनी खासगी दवाखान्यातून आणलेल्या चिठ्ठीला कोणी विचारत नाही. आरोपीच्या बाजूच्या ठळक जखमांचा खुलासा सरकार पक्षाने केला नाही, हा मुद्दा लक्ष्मी सिंग खटल्यापासून (1976) वजनदार आहे, पण त्यासाठी जखमा कागदावर हव्यात.

घटना 1 जुलै 2024 आधीची असेल तर गुन्ह्याची कलमं भारतीय दंड संहितेचीच लागतील. मोबाइलवरून नवी कलमं उतरवून आणणाऱ्यांना मी फाइल परत देतो.

आणि जामिनाची घाई. चालान (पोलिसांचं दोषारोपपत्र) यायच्या आधीच अर्जात सगळी हकीकत रंगवून लिहितात, कोणी कुठे उभं होतं तेही. मग पोलिसांनी काढलेला घटनास्थळाचा नकाशा येतो आणि त्यात ती विहीरच भलत्या बाजूला निघते. अर्जात ‘भावाच्या बचावात’ एवढंच ठेवा. अंतरं आणि दिशा मी स्वतः टेप घेऊन जागेवर जाऊन आल्याशिवाय लिहीत नाही, पक्षकाराचे नातेवाईक कितीही फोन करोत.