ज्यूकबॉक्स घेताना आधी मोटर बघा
चोरबाजारात मटण स्ट्रीटवर जुना ज्यूकबॉक्स, म्हणजे नाणं टाकून तबकड्या वाजवणारं मशीन, दिसला की रंगीत दिव्यांना भुलू नका, मागची पाटी वाचा. अमेरिकन मशीन साधारण 117 व्होल्ट, 60 हर्ट्झवर चालतं. आपली वीज 230 व्होल्ट, 50 हर्ट्झची. ट्रान्सफॉर्मर व्होल्ट उतरवतो, हर्ट्झ तसेच राहतात, आणि मोटरचा वेग हर्ट्झवरच ठरतो. मोटरची पुली बदललेली नसेल तर मिनिटाला 45 फेऱ्यांची तबकडी साडेसदतीसनेच फिरते आणि ओळखीच्या गायिकेचा गळा बसल्यासारखा वाटतो. म्हणून पाठ असलेल्या गाण्याची, मोठ्या भोकाची तबकडी घरून न्या आणि शेवटपर्यंत वाजवून घ्या. काच पुसता येते, मोटरचं काम मात्र नंतर महागात पडतं. वजन दीडशे किलोच्या घरात असतं. लिफ्टचं दार आधीच मोजा.